धामणीची अंडी वैशालीच्या डब्यात

मंडळी, मांजरसुंब्याला एका ढाब्यामागे खोदताना धामणीची अंडी सापडली. आज वनरक्षकांनी ती उबवायला वैशालीकडे दिली. आम्ही दोघीही सर्पमित्र, पॉलिटेक्निकला एकाच बाकावरच्या.

माझा इन्क्युबेटर डिजिटल आहे. तिचा म्हणजे थर्माकोलचा डबा, तळाला पाणी आणि त्यात माशांच्या टाकीचा हीटर.

"तुजं मशीन लई भारी हाय गं," ती म्हणाली, "पण ते कोंबडीच्या अंड्यांचं. त्यातला पंखा ही अंडी सुकवून टाकील."

मी माझा थर्मामीटर तिच्या डब्यात ठेवला. तापमान चुकीचं निघावं, असं मनापासून वाटत होतं.

बरोबर निघालं.

अंडी वाचतील. त्याचा आनंद व्हायला हवा, पण अजून झालेला नाही. तुमचं कधी असं झालंय का?