मेलेला ओबुंगा पोहायला शिकतो

ओबुंगा जिवंत होता तेव्हाही कोलालच्या सरोवरकिनाऱ्यावर तो फारसा कुणाला नको होता. मरून परत आला तेव्हा तर कुणालाच नको झाला.

धंदा मासेमारीचा आणि जोडधंदा भांडणाचा. वाळत घातलेल्या ओमेनावर, म्हणजे त्या करंगळीएवढ्या मासळीवर, दुसऱ्याच्या कोंबडीची नुसती सावली पडली तरी तो कोंबडीच्या मालकाचे वाडवडील काढायचा. चुलतभाऊ ओदिवुओरशी त्याचं बोलणं बंद होतं, कारण त्याने एकदा ओबुंगाच्या नव्या बोटीकडे बघून "जरा डावीकडे झुकते" असं म्हटलं होतं. बायकोशी बोलणं चालू होतं, पण ते ऐकणाऱ्या शेजाऱ्यांना वाटायचं, बंद असतं तर बरं. ती ग्वासीची, म्हणून आम्ही सगळे तिला ग्वासीकरीण म्हणतो. तोंडाने ती नवऱ्याला पुरून उरणारी होती.

ती बोट पुढे वादळात उलटली. डावीकडेच उलटली असं ओदिवुओर आजही सांगतो. तो तिथे नव्हता.

बोटीत दोघे होते, ओबुंगा आणि त्याचा हाताखालचा ओपोंदो. ओपोंदो काही दिवसांनी जलपर्णीत अडकलेला सापडला. ओबुंगा सापडला नाही. तो बुडाला याबद्दल कुणाला शंकाही आली नाही, कारण त्याला पोहता येत नव्हतं. आमच्या मासेमारांत कुणालाच येत नाही. बाप-आजा पाण्यावर जगले, पाण्यात मेले, पण पोहायला शिकणं म्हणजे माझा माझ्या बोटीवर भरवसा नाही असं चारचौघांत जाहीर करणं. असल्या माणसाच्या बोटीत मग बसणार कोण?

प्रेत मिळालं नाही की आमच्याकडे यागोचं फळ पुरतात. दुधी भोपळ्यासारखं लांबट, पण दगडासारखं जड. घराच्या उजव्या हाताला खड्डा खणून ओबुंगाच्या नावाने ते पुरलं, वर माती लोटली, लोक रडले. ग्वासीकरणीने डोकं भादरलं. मग रीतीप्रमाणे दिराने तिला सांभाळायचं ठरलं. दीर म्हणजे ओदिवुओर. त्याने घर सांभाळलं, उरलेली जाळी सांभाळली, आणि ओबुंगाची खुर्चीसुद्धा सांभाळली.

आणि ओबुंगा? तो पेट्रोलच्या रिकाम्या कॅनला मिठी मारून तरंगत पार युगांडाच्या बाजूला गेला होता. तिकडच्या मासेमारांनी त्याला उचललं. ताप भरला, उतरला. बरा झाल्यावर निरोप धाडता आला असता. पण त्याला वाटलं, रडू दे जरा. ओदिवुओर रडेल, बायको रडेल, आपली किंमत कळेल, मग आपण हळूच उगवू. आपल्या माणसांना यागो पुरायची इतकी घाई होईल हे त्याच्या डोक्यात आलं नाही. आमच्या माणसांना तरी कुठे वाटलं होतं की मेलेला माणूस मुद्दाम उशीर करत असेल.

तो उतरला तेव्हा किनाऱ्यावर बायका ओमेना वाळवत होत्या. त्या सगळं टाकून पळाल्या. करकोच्यांची दिवाळी झाली.

ओबुंगा थेट घरी गेला. निवडुंगाच्या कुंपणाला जिथे फाटक आहे तिथे ओदिवुओर हात आडवा करून उभा राहिला.

"पुढे यायचं नाही."

"माझं घर आहे."

"होतं. तू तिथे आहेस," ओदिवुओरने मातीच्या ढिगाकडे बोट केलं. "आम्ही पुरलाय तुला. चांगला खोल."

"भोपळा पुरलाय तुम्ही."

"भोपळा तुझ्यापेक्षा शांत आहे."

ग्वासीकरीण दारात उभी होती. डोक्यावर बोटभरसुद्धा केस नव्हते. ती नवऱ्याकडे बघत राहिली आणि आत निघून गेली.

वाड्या-वस्तीतले वृद्ध जमले. त्यांच्यात न्यागाया सगळ्यात मोठे, त्यांना आम्ही जादुओंग म्हणतो, मानाने. ते फाटकाच्या आत बसले आणि ओबुंगा फाटकाबाहेर. ज्याच्या नावाने यागो पुरला तो फाटकातून आत येत नाही. आला तर घरातला दुसरा कुणीतरी त्या खड्ड्यात जातो, असं आमच्याकडे लहान पोरंही सांगतील.

"तू बुडालास की नाही?" न्यागायांनी विचारलं.

"नाही बुडालो, जादुओंग."

"मग वाचलास कसा? पोहता तर येत नाही तुला."

इथे ओबुंगाने खरं सांगितलं असतं तर गोष्ट कदाचित तिथेच मिटली असती. पण कॅनला लटकून वाचलो हे ओदिवुओरच्या देखत म्हणायला त्याची जीभ वळेना.

"येतं. पोहत गेलो."

सगळे हसले, फक्त न्यागाया हसले नाहीत. ते विचार करत होते. मग म्हणाले, "पोहत गेला असेल तर सरोवराने याला नेलंच नाही. मग पुरण्यात आपली चूक झाली. यागो उकरायचा, बकरा कापायचा, घर शुद्ध करायचं आणि याला आत घ्यायचं. पण पोहून दाखवावं लागेल. मोठ्या खडकापासून, पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या त्या टोकापर्यंत. नाही दाखवलं तर तू मेलास, ओबुंगा, आणि मग परत या फाटकाशी यायचं नाही."

"कधी?"

"पौर्णिमेला. तेव्हा बोटी वर असतात, सगळ्यांना बघता येईल."

ओमेना आम्ही रात्री दिवे लावून पकडतो, आणि चांदण्यात ती दिव्याला भुलत नाही, म्हणून पौर्णिमेच्या आसपास आमचा सगळा किनारा रिकामटेकडा असतो. अमावास्या नुकतीच होऊन गेली होती.

आता शिकवणार कोण? अख्ख्या किनाऱ्यावर पोहता येणारा एकच माणूस होता, फामाऊ मिस्त्री. लामूचा, समुद्राकाठचा. बोटींची इंजिनं दुरुस्त करायला कधीकाळी आला आणि आम्हाला शिव्या देत राहिला. "गोड्या पाण्याची माणसं" ही त्याची सगळ्यात सभ्य शिवी. ओबुंगा त्याच्या इंजिनाच्या शेडमध्ये झोपायला गेला, कारण दुसरं कुणी भुताला छप्पर देईना.

"शिकवतो," फामाऊ म्हणाला. "मासेमाराला पोटभर पाणी पाजायची माझी फार दिवसांची इच्छा आहे."

टोकाच्या मागे लव्हाळ्यातल्या खाडीत पहाटे शिकवणी सुरू झाली. खाडीत पाणघोडे नाहीत याची खात्री फामाऊने ओबुंगाला आधी आत पाठवून केली.

जन्मभर पाण्यावर काढलेला तो माणूस गुडघाभर पाण्यात असा उभा राहायचा, जणू सासुरवाडीला पहिल्यांदा आलाय.

"डोकं घाल पाण्यात," फामाऊ ओरडायचा.

"घालतोच आहे."

"ती हनुवटी आहे. डोकं घाल. आत काही नाहीये, भिजायची भीती कसली?"

ओबुंगा डोकं घालायचा, नाकात पाणी जायचं, खोकत वर यायचा आणि फामाऊच्या आईवर घसरायचा. फामाऊ त्याची मान धरून परत खाली दाबायचा. हातपाय मारणं ही त्याची जुनी सवय, पण ती माणसांवर चालवायची होती, पाण्यावर चालेना. जितकं बदडावं तितका तो खाली जायचा.

"पाण्याशी भांडू नकोस, गाढवा. ते उत्तर देत नाही, नुसतं गिळतं. उताणा हो. हात सोड. आणखी सोड. मेल्यासारखा पड. गावभर तोच तर बोलबाला आहे तुझा."

त्या सकाळी तो पहिल्यांदा तरंगला. आकाशाकडे बघत, कान पाण्यात, तोंड बंद. ओबुंगाचं तोंड बंद असलेलं आमच्यापैकी कुणी याआधी पाहिलं नव्हतं. आम्ही काही जण खडकांमागून रोज बघायला जायचो. करमणुकीला दुसरं होतं काय?

एकदा ग्वासीकरीण आली. जेवण वगैरे काही घेऊन नाही, रिकाम्या हाताने. तो उताणा तरंगत होता. तिने बराच वेळ बघितलं.

"घरीसुद्धा असाच पडून असायचास," ती म्हणाली.

ओबुंगा दचकला, बुडाला, उभा राहिला.

"किती रडलीस?" त्याने विचारलं.

"तुझ्या लायकीपेक्षा जास्त. डोकं भादरलं. सगळ्यांसमोर मातीत लोळले. आणि तू तिकडे मासे खात माझ्या रडण्याची वाट बघत बसलास?"

"मला वाटलं..."

"तुझं वाटणं मी पुरलंय. आता ऐक. तो ओदिवुओर तुझ्या खुर्चीत बसून पाय धुवायला पाणी मागतो. तुझ्यात काही जोर असेल तर पोहून दाखव. नसेल तर नीट बुडून दाखव. मधेच लटकून मला दोन नवऱ्यांची बाई करू नकोस."

ती गेली. त्यानंतर ओबुंगा दिवसभर पाण्यात राहायला लागला. अंग सुरकुतलं, डोळे लाल झाले, पण हळूहळू त्याला श्वास सापडला. कूस बदलून हवा घ्यायची, तोंड पाण्यात घालून सोडायची, पाय कमरेपासून हलवायचे. फामाऊच्या शिव्या कमी झाल्या. ही त्याची शाबासकी. पौर्णिमा आली तेव्हा ओबुंगा खाडी आडवी पार करत होता. आणि पार करून झाल्यावर पलीकडच्या काठाला शिव्या देण्याइतका दम त्याच्यात उरत होता.

पौर्णिमेच्या सकाळी झाडून सगळे किनाऱ्यावर आले. बोटी वाळूवर आडव्या, त्यांच्या सावलीत माणसं. न्यागायांना स्टूल दिलं होतं. ओदिवुओर कंबरेवर हात ठेवून उभा. त्याच्या मागे ग्वासीकरीण. सगळ्यांच्या पुढे, अगदी पाण्याच्या रेषेपाशी, ओपोंदोची आई मांडी घालून बसली होती. कास्वांगा गावची ती. मुलाला पुरल्यापासून ती कुणाशी दोन शब्दही धड बोलली नव्हती.

ओबुंगाने सदरा काढला, मोठ्या खडकाशी कंबरभर पाण्यात गेला. ओदिवुओरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "खुर्ची पुसून ठेव."

"थांब," ओपोंदोची आई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बोटीपर्यंत पोचला.

"तू पोहत गेलास म्हणतोस."

"हो, आई."

"वाऱ्यात. लाटांत. त्या किनाऱ्यापर्यंत."

"हो."

"मग माझा ओपोंदो तुझ्या शेजारीच होता. एवढं येत होतं तुला, तर त्याच्या सदऱ्याला धरून ओढलं का नाहीस?"

ओबुंगाने पुढे टाकलेला पाय मागे घेतला.

"पोह तू," ती म्हणाली. "मी अडवत नाही. तू पोहलास की मला कळेल, माझा मुलगा बुडाला नाही, त्याला तू बुडू दिलंस. मग घरात जा. माझी काही तक्रार नाही. मी फक्त ते लक्षात ठेवीन, आणि मेल्यावर तिकडेही कुणाला विसरू देणार नाही."

ओदिवुओर इतका खूश झाला की लपवता येईना. "हां, आता पोह की, दादा," तो म्हणाला. "सगळे बघताहेत."

न्यागाया खाली वाळूकडे बघत होते. हा प्रश्न इतक्या दिवसांत एकाही म्हाताऱ्याला सुचला नव्हता. फामाऊलाही नाही, नाहीतर त्याने इतकं पाणी पाजलं नसतं.

ओबुंगा तसाच उभा. टोक समोर होतं, रोजच्या अंतरापेक्षा फार लांब नव्हतं. मी त्याच्याकडे बघत होतो आणि मला वाटलं, आता हा भांडणार. तोंड उघडलंही त्याने तसंच, भांडायला उघडावं तसं.

"मला पोहता येत नव्हतं," तो म्हणाला. "तेव्हा नव्हतं येत. आत्ता शिकलो, त्या मिस्त्रीकडून."

"मग?"

"कॅन होता, आई. एकच. दोघांनी धरला होता. मग एकटा मी होतो. त्याने सोडला, का मी ओढून घेतला, ते मला ठाऊक नाही. खूप आठवून बघितलं. लाट आली एवढंच आठवतं."

ओपोंदोची आई त्याच्याकडे बघत राहिली.

न्यागायांनी घसा खाकरला. "म्हणजे पोहता येत नव्हतं."

"नव्हतं."

"म्हणजे सरोवराने तुला नेलं."

ओबुंगाने फाटकाच्या दिशेने पाहिलं. तिथून फाटक दिसत नाही, नुसता निवडुंगाचा हिरवा पट्टा दिसतो.

"नेलं," तो म्हणाला.

"मग यागो राहील तिथेच."

"राहू द्या."

ग्वासीकरीण ओदिवुओरच्या मागून पुढे येऊन थुंकली. कुणाच्या दिशेने ते सांगता येणार नाही, मधे वारा होता. मग ती पाठ फिरवून घराकडे चालू लागली. सगळ्यांना वाटलं, संपलं.

तेवढ्यात ओबुंगा वळला आणि पाण्यात शिरला. आता त्याला पोहायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी तो खडकापासून टोकापर्यंत पोहत गेला, एका लयीत, फारसं पाणी न उडवता. मेलेल्या माणसाकडे टक लावून बघू नये, म्हणून आम्ही सगळ्यांनी तोंडं फिरवली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. चांगला पोहला. फामाऊने त्यावर एकही शिवी दिली नाही.

आता तो टोकाच्या मागे खोपट करून राहतो. त्याला बोटीत कुणी घेत नाही. काठावरून गळ टाकतो आणि ओदिवुओरची बोट जवळून गेली की ती किती झुकते ते मोठ्याने सांगतो. स्वभाव मेल्यावरही बदलत नाही. ओदिवुओर खुर्चीत बसतो, पण पाय धुवायला पाणी आता स्वतः आणतो. ग्वासीकरणीने त्याला ते एकदाच सांगितलं म्हणे.

पावसाळा उलटल्यावर एक दिवस ओपोंदोची आई तिकडे गेली. सोबत तिचा दुसरा मुलगा, ओकुमु. लग्नाच्या वयाचा, दांडगा, आणि नुकताच कुणाच्यातरी बोटीवर लागलेला.

"याला शिकव," ती म्हणाली.

"लोक नावं ठेवतील. बोटीवर भरवसा नाही म्हणतील."

"मला नाहीच आहे. शिकव. काठावरून ओरडून सांग. हात लावायचा नाही त्याला."

"मान धरून दाबल्याशिवाय जमत नाही हे, आई."

"मला आई म्हणायचं नाही."

ओकुमु पाण्यात उतरला, हनुवटी वर धरून. ओबुंगा काठावर बसून त्याला शिव्या घालायला लागला. ती एका दगडावर दोघांकडे पाठ करून बसली आणि टोपलीतली मासळी निवडत राहिली. मागे पाणी उडायचा आवाज थांबला की तिचे हात थांबायचे, आणि परत सुरू झाला की ती निवडायला लागायची.