मासोळीचं विरजण

महाल वस्तीतल्या आमच्या घरातून परीक्षेला, मुलाखतीला, कुठेही महत्त्वाच्या कामाला निघालेल्याच्या हातावर सासूबाई दहीसाखर ठेवायच्या. शेजारच्या पोरांनाही हाक मारून द्यायच्या. पण ह्यांनी कारकुनी सोडून कन्हान नदीजवळ मासे पाळायला तळं घेतलं, त्या सकाळी त्या स्वयंपाकघराबाहेर आल्याच नाहीत. कांदासुद्धा आठवड्यातले चार दिवस वर्ज्य असलेल्या घरात मासे! हे उंबऱ्यात जरा घुटमळले आणि कोरड्या हातानं गेले. ते ह्यांना फार लागलं. मला तर रागच आला.

तळ्याचंही जमेना. लहान खड्ड्यात वाढवलेली बोटाएवढी पिल्लं जाळ्यानं धरून मोठ्या तळ्यात सोडली, की त्या धसक्यानं खाणं टाकत, अंगावर लाल चट्टे उठत आणि आठवड्यात मरून वर येत. दोनदा असंच झालं. ‘‘आता मेली तर पुन्हा कारकुनी,’’ हे म्हणाले.

मी ते सासूबाईंना मुद्दाम ऐकवलं. ताक घुसळता घुसळता त्या म्हणाल्या, ‘‘पोट बिघडलं तं माणसाले ताकभात देतेत न? मंग मासोळीले काहून नाही?’’

‘‘तुम्ही तर मासोळीकडे पाहतसुद्धा नाही!’’

‘‘पाहाले कोन सांगून राहिलं? दही घेऊन जाय.’’

मग रोज दह्याचा डबा मांडीवर घेऊन माझी बसवारी सुरू. कंडक्टर विचारायचा, ‘‘तळ्याची कढी करून राहिल्या काय, बाई?’’ कोंडा आणि तेल काढून उरलेली ढेप दह्यात कालवून मुरवायची आणि खड्ड्यातल्या नव्या पिल्लांना घालायची. हे आधी हसले. मग दुसरा उपाय नव्हता म्हणून घालू लागले.

तिसऱ्या खेपेला पिल्लं मोठ्या तळ्यात गेली आणि दुसऱ्याच दिवशी खायला वर आली. पंधरा दिवस झाले, चट्टा नाही. त्यात दह्याचं श्रेय किती आणि ‘भर उन्हात जाळं टाकाल तर याद राखा’ या माझ्या दमाचं किती, देव जाणे. हल्ली माशांच्या खाद्यात घालायला चांगल्या जंतूंची पाकिटं मिळतात. प्रोबायोटिक म्हणे. मी त्याला विरजणच म्हणते.

पंधरा दिवस भरले त्या संध्याकाळी हे तळ्यावरून थेट स्वयंपाकघराच्या दारात आले आणि हात पुढे केला. ‘‘आई, साऱ्या तळ्याले दही देल्लं. मले कधी देशील?’’

सासूबाईंनी वर पाहिलं नाही. ‘‘हात धुतला काय?’’

‘‘धुतला.’’

धुतला नव्हता. मला दोन हात लांबून मासळीचा वास येत होता. सासूबाईंनी त्याच हातावर दही वाढलं, वर दोनदा साखर घातली.