आईचा रविवार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

सकाळी सोसायटीच्या पायरीवर एक मुलगी बूट घालून, सॅक पाठीला लावून बसली होती. "कुणाची वाट बघतेस गं?" मी विचारलं.

"पप्पांची. आज त्यांचा रविवार आहे ना!"

आमच्याकडे रविवार आईचा असायचा, कोर्टाने ठरवून दिलेला. माझी लेक मनूही अशीच बूट घालून बसायची. बेल वाजत राहायची आणि मी दार उघडायचो नाही. पुढे कोर्टाचा आदेश मोडला म्हणून मला तुरुंगात पाठवायची वेळ आली, तेव्हा दुसरीतली मनू न्यायाधीशांना म्हणाली, "मलाच आईकडे जायचं नव्हतं." मीच पढवलं होतं तिला. मी सुटलो. शिक्षा मात्र तिच्या आईला झाली. लेकीला आपण नको होतो, असं ती आजही समजते.

मनू दर रविवारी बूट घालून बसायची, एवढं मला तिच्या आईला अजून सांगायचं आहे.