हायका काका

मिक्सरचं बटण दाबण्याआधी परवानगी मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बटण दिसलं की तो आधी मोठ्यानं विचारणार, "हाय का कोनी? दाबू का?" आणि कोणी "दाबा" म्हणेपर्यंत त्याचं बोट तसंच हवेत. पंखा असो, दिवा असो, नाहीतर लग्नातला कूलर असो. एकदा ऐन उन्हाळ्यात आम्ही बायकांनी ठरवून गंमत केली, कोणीच "दाबा" म्हटलं नाही. तर हा बाबा घामानं निथळत उभा राहिला, पण पंख्याला हात लावला नाही. माझी पल्लवी तेव्हा पाचवीत होती. तिनं त्यांचं नाव ठेवलं हायका काका, आणि सगळ्या गावानं ते उचललं. मी मात्र त्यांना भाऊ म्हणत असे.

भाऊ म्हणजे माझ्या नवऱ्याचे, गजाननचे, लहानपणापासूनचे मित्र. दोघांची वावरं बांधाला बांध लागून आणि दोघांच्या पाण्याच्या मोटारी एकाच डीपीवर. डीपी म्हणजे वावराच्या कडेला उभा असलेला विजेचा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या खांबाला एक लोखंडी हँडल असतं. ते खाली ओढलं की त्या डीपीवरच्या सातही वावरांची वीज बंद होते. लाईनमध्ये काही बिघाड झाला तर लाईनमनची वाट पाहायला आमच्याकडे कोणाला सवड नसते, कारण वीज असतेच मुळी मोजके तास. मग हँडल ओढायचं, त्याला निंबाचा हिरवा डहाळा बांधायचा आणि खांबावर चढायचं. डहाळा दिसला की दुसऱ्यानं हँडलला हात लावायचा नाही. पाटी नाही, कुलूप नाही, एवढी एकच खूण.

त्या सकाळी आमचे हे हरभऱ्याला पाणी द्यायला गेले. वावरातल्या खांबावरची तार सैल झाली होती, म्हणून हँडल ओढून खांबावर चढले. डीपी आणि खांब यांच्या मधे तूर डोक्याच्या वर गेली होती, इकडचं तिकडे दिसत नव्हतं. कोणीतरी डीपी चालू केली. भाजी चिरता चिरता मला निरोप आला आणि मी तशीच विळी उभी ठेवून धावले. लोक जमले तेव्हा हँडलला डहाळा नव्हता. बाकीच्या सहांपैकी कोणी चालू केली हे कोणी विचारलं नाही. डहाळाच नव्हता म्हटल्यावर विचारणार तरी काय? गजाननानं घाई केली, डहाळा न बांधताच चढला, असं गावानं ठरवलं, आणि खरं सांगायचं तर मीही तेच ठरवलं.

तेरवीचं जेवण झालं आणि पाहुणे आपापल्या वाटेला लागले. चौदाव्या दिवशी सकाळी अंगणातून आवाज आला, "हाय का कोनी?" भाऊ होते, याआधी ते कधी असे विचारून येत नसत, आणि त्यांच्यामागे त्यांची बायको, सुमनताई. त्यापुढे ते कधीच एकटे घरात आले नाहीत. ताईंना सवड नसली तर अंगणातल्या दगडावर बसून बोलत, उंबरा ओलांडत नसत. विधवेच्या घरी परका माणूस येतो म्हणून गावाला चघळायला काही मिळू नये, याची काळजी माझ्याआधी त्यांनी घेतली. मला ते कितीतरी उशिरा लक्षात आलं.

माझ्या मोठ्या नणंदबाईंचा सल्ला होता की वावर बटाईनं कसायला द्यावं आणि मी पोरीला घेऊन माहेरी जावं. मला दीर नाही, सख्खा भाऊ नाही. माहेरी म्हातारी आई तेवढी होती. मी मान खाली घालून बसले होते. भाऊ दगडावरून म्हणाले, "वावर वैनी करतीन."

नणंदबाई म्हणाल्या, "तिले मोटार तरी चालू करता येते का?"

"येत नाही म्हनून काय झालं? मी शिकवतो."

आणि शिकवलं. मास्तर म्हणून माणूस महाकडक. स्टार्टरसमोर लाकडाच्या कोरड्या फळीवर उभं राहायचं, ओल्या हातानं बोलायचंसुद्धा नाही. डीपी चालू करायची तर आधी बाकीच्या सहाही जणांना फोन लावायचा आणि प्रत्येकाचं "चालू करा" ऐकायचं. एकदा पाच जणांची उत्तरं आली आणि सहावा फोन उचलेना. माझी पाण्याची पाळी वाया चालली होती. मी चिडून म्हटलं, "घरी झोपला असेल मेला." भाऊ शांतपणे म्हणाले, "उत्तर नाही आलं म्हंजे मानूस खांबावर हाय असं समजाचं, वैनी." त्या दिवशी पाणी दिलं नाही. तो सहावा खरंच घरी झोपला होता, आणि आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही.

डहाळ्याचाही त्यांचा एक धडा होता. "नुसता डहाळा पाहून चालत नाही. पान मोडून पाहा. हिरवं मोडलं तर मानूस वर हाय. कुडकुड वाजलं तर कोनी तरी कालचा इसरून गेला." काम झाल्यावर डहाळा तसाच लोंबता ठेवणाऱ्याला ते भर चौकात झाडत. मी अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले, तरी सकाळचं वावर सोडलं नाही, आणि पुढे चार बायकांना ही पान मोडायची रीत मीच शिकवली. अभिमानानं सांगत असे, हे आमच्या भाऊंचं आहे म्हणून.

पहिल्या राखीला मी ताट घेऊन त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. सुमनताई हसल्या, "लाजले पाहा." मी दटावून हात पुढे ओढला आणि राखी बांधली. ती त्यांनी पार सुतळीसारखी काळी होईपर्यंत काढली नाही. पल्लवीला शाळेत सोडणं, तिच्या तापात रिसोडला नेणं, बारावीनंतर वाशीमला नर्सिंगला घालताना माझ्यापेक्षा जास्त रांगा लावणं, सगळं त्यांनी केलं. केनवडच्या बाजारातून येताना त्यांच्या पिशवीत पोरीसाठी फुटाणे असायचेच. ती नर्स झाली तरी फुटाणे येत राहिले.

एक गोष्ट मात्र त्यांना सोसायची नाही. मला आमच्या ह्यांचा राग येई. फोटोला हार घालतानाही मी बोलून घेत असे, "एक डहाळा बांधायला काय जीव जात होता तुमचा? तो न बांधता जीव गेलाच ना." भाऊ समोर असले की चहाचा कप खाली ठेवत आणि म्हणत, "वैनी, गेलेल्या मानसाले बोलू नोका." मला वाटे, केवढे संस्कार आहेत. पण माझी जीभ थांबत नसे. पल्लवी डबा विसरली, छत्री विसरली की मी म्हणायची, "बापावर गेलीस, धांदरट." अकरा वर्षं ती पोर हे ऐकत मोठी झाली.

यंदा तिचं लग्न ठरलं. मुलगा किन्हीराजाचा, सालस, स्वतःचं मेडिकल दुकान. कन्यादान विधवा आईनं करायचं नाही, जोडप्यानं करायचं, अशी आमच्याकडे रीत. मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. भाऊ आणि सुमनताई बसतील, एवढं साधं होतं ते. पण भाऊ टाळायला लागले. आधी म्हणाले, पाहू. मग म्हणाले, तुमच्या माहेरचं कोणी पाहा. मग माझी कंबर दुखते, पाटावर बसवत नाही. पाच पोती खत गाडीत टाकणारा माणूस हा. आठ दिवस असे गेले आणि माझा तोल सुटला. दुपारची वेळ होती, ते दगडावर बसले होते, मी कुरडयांना ऊन दाखवत होते.

म्हटलं, "भाऊ, स्पष्ट सांगा. विधवेच्या लेकीचं कन्यादान करायची लाज वाटते काय?"

ते मग म्हणाले, "माह्या हातानं नाही होत, वैनी."

"काहून नाही होत?"

"त्या दिवशी डीपी म्याच चालू केली होती."

मी कुरडया पालथ्या घालत होते, हात चालतच राहिला. मला एकदम राग आलाच नाही. वाटलं, सहांपैकी कोणीतरी असणारच होतं. डहाळा नव्हता, त्यांना काय माहीत. बिचाऱ्यानं अकरा वर्षं हे एकट्यानं वागवलं. मी म्हणालेसुद्धा, "तुमी काय करनार होते भाऊ? डहाळाच नव्हता."

"डहाळा होता."

"काय?"

"गजूनं बांधला होता. निंबाचा. आदल्या दिवशी कोनी तरी तसाच सोडून गेलं होतं, मले वाटलं तोच हाय. पान मोडून नाही पाह्यलं. म्या सोडून धुऱ्यावरच्या गवतात फेकला आन् हँडल वर केलं." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मंग लोकं जमले. कोनी तरी म्हने डहाळा नाही हाय. म्या काईच नाही बोललो."

हात चुकतो. माझाही चुकला असता. त्यासाठी मी त्यांना त्याच दगडावर बसवून पाणी पाजलं असतं, आजही पाजीन. पण माझा नवरा डहाळा बांधून चढला होता. नीट गाठ मारून, रीतीप्रमाणे, घरी परत यायचं म्हणून. आणि मी अकरा वर्षं त्याच्या फोटोला टोचून बोलत होते, आणि हा माणूस समोर बसून माझ्या हातचा चहा पीत होता. माझा नवरा विजेनं नेला, ते कोणाच्या हातात नव्हतं. त्याचा शहाणपणा भाऊंनी नेला, आणि वर मलाच शिकवलं की गेलेल्या माणसाला बोलू नये.

मी एवढंच म्हटलं, "मला तुमची माफी नको. पारावर उभं राहून चार माणसांत सांगा, गजूनं डहाळा बांधला होता म्हणून. मग पाटावर बसा."

ते म्हणाले, "सांगतो." आणि उठून गेले.

त्या संध्याकाळी मी पल्लवीला सांगितलं. ती मेंदीचे कोन लावून ठेवत होती. ऐकून तिनं हातातला कोन खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे बाबा धांदरट नव्हते. मीही नाही." मला तिच्याकडे बघवेना.

लग्नाला बारा दिवस होते. पारावर ते काही बोलले नाहीत. मी रोज अंगणवाडीत जाता-येता कान देऊन होते. लग्नाच्या सकाळी हायका काका मांडवात पाण्याचा जग घेऊन हजर. पंगतीत वाढत होते, कूलरजवळ उभे राहून "हाय का कोनी, लावू का?" विचारत होते आणि पोरंटोरं हसत होती. कन्यादानाला पाटावर मी बसले. भटजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मंत्र सुरू केले.

अक्षता पडल्यावर आमच्या ह्यांचे चुलतमामा पोरीला आशीर्वाद द्यायला आले. म्हातारा माणूस, डोळ्यांत पाणी. म्हणाले, "बाप पाह्यजे होता आज. एक डहाळा बांधला असता तर असता."

भाऊ तिथंच होते, दोन हातांवर. जगातून पेल्यात पाणी ओतत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, पल्लवीनंही पाहिलं. पाच-पंचवीस माणसं ऐकत होती, पारावर जायचीसुद्धा गरज नव्हती. पेला भरला, काठावरून सांडला, त्यांच्या पायावर पाणी पडलं. त्यांनी तो मामांच्या हातात दिला आणि पुढच्या पंगतीकडे गेले. दगडाजवळ ऐकलं तेव्हा मी जखमी झाले होते. या वेळी मात्र आतून काहीतरी कायमचं बंद झालं.

मग मीच बोलले. "मामा, आमच्या ह्यांनी डहाळा बांधला होता. कोणी सोडला ते मला माहीत आहे. ज्यानं सोडला तो सांगेल." मामांनी मान हलवली. पल्लवीच्या सासूबाई समोर असताना विहीणबाईचं डोकं फिरलं असं कोणाला वाटू नये म्हणून मी तेवढ्यावर थांबले.

तो माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं. माझ्या पोरीला त्यांनी शिकवलं, माझं वावर माझ्या हातात ठेवलं, मला कोणासमोर हात पसरू दिला नाही. वावरात आजही माझ्या पायाखालची कोरडी फळी त्यांनीच आणून दिलेली आहे. मला त्यांची लागलेली सवय जात नाही. केनवडच्या बाजारात मी यंदाही राखी घेतली, घरी येईपर्यंत लक्षातच आलं नाही. सुमनताईंना हे ठाऊक होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

राखीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास अंगणात चपलांचा आवाज झाला. मी आत चुलीपाशी बसले होते, राखी समोर फळीवर होती. दार उघडंच होतं.

"हाय का कोनी?"

मी हलले नाही.

"वैनी, हाय का?"

त्यांना माझी साडी दिसत असणार. मला त्यांची सावली उंबऱ्यापर्यंत आलेली दिसत होती, तिच्या हातात पिशवी होती, फुटाण्यांची असेल. त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली. मी फक्त "या भाऊ" म्हणायचं होतं. अकरा वर्षं म्हटलं होतं. पारावरचे ते चार शब्द आधी यायला हवे होते, ते आले नाहीत.

उत्तर आलं नाही म्हणजे माणूस खांबावर आहे असं समजायचं, हे त्यांनीच शिकवलं होतं. ते थोडा वेळ उभे राहिले आणि कशालाही हात न लावता परत गेले.