तीन राज्यांतला हंगामी माणूस

इंद्रभान मध्य प्रदेशात हंगामी होता. मग प्रांत बदलला, मोठं मुंबई राज्य झालं, तिथंही तो हंगामीच राहिला. पुढे महाराष्ट्राचा मंगल कलश आला, नगरपालिकेच्या पाटीवर नवा रंग चढला, शाळेतल्या पोरांना पेढे वाटले गेले, आणि इंद्रभान तसाच हंगामी. राज्यं कायम होत नाहीत पण आपलं हंगामीपण कायम आहे, असं तो हसत सांगायचा. पुढे पुढे हसणं कमी झालं.

काम त्याचं नळाचं. चिखलीच्या रस्त्यावर पाण्याची टाकी होती, तिथून गल्लीगल्लीचं पाणी सोडायचं. हातात पुरुषभर उंचीची लोखंडी चावी घेऊन तो पहाटे निघाला की बाया दारात घागरी मांडायच्या. अशा माणसाला हंगामी म्हणायचं कसं, हा प्रश्न पालिकेने फार नामी पद्धतीने सोडवला होता. दर काही महिन्यांनी त्याला दोन दिवस कामावरून काढायचं आणि तिसऱ्या दिवशी नव्याने घ्यायचं. याला कचेरीत 'खंड' म्हणत. खंडाच्या दिवशी गावाला तहान लागत नसे असं नाही. जमादार संध्याकाळी घरी येऊन सांगायचा, "इंद्रभान, तू उद्या नोकरीत नाई, पन पानी तेवढं सोडून दे." आणि हा सोडायचा. एकदा हिवतापाने पडला होता, तेव्हा दुखण्याचे दिवसच खंडात टाकले. काटकसर म्हणतात ती ही.

कायम व्हायचं, एवढीच त्याची या जन्मीची मागणी होती. आजारी पडलो तर आजारीच म्हणावं, बेकार म्हणू नये.

अशीच मागणी झाडूवाल्यांची होती, दिवाबत्तीवाल्यांची होती. म्हणून सगळ्यांनी मिळून युनियन काढली. जकात नाक्यावरचा मोतीराम चार बुकं शिकलेला, तो सेक्रेटरी झाला. इंद्रभान उपाध्यक्ष. अध्यक्ष मात्र आपल्यातला नको, यावर सर्वांचं एकमत. साहेबापुढे बसायचं म्हणजे बसता आलं पाहिजे, आपण तर उभे राहणारे. म्हणून सगळे शेषराव वकिलांकडे गेले. वकीलसाहेबांनी नाही नाही म्हणत हार घालून घेतला.

साहेब बोलायला गोड. कामगाराच्या घामाबद्दल बोलताना अत्तर लावलेल्या रुमालाने स्वतःचा घाम टिपत. पुढे नगरपालिकेची निवडणूक आली आणि साहेब उभे राहिले. युनियनच्या माणसांनी जिवाचं रान केलं. गल्लीगल्लीत साहेबांची पत्रकं चिकटवली, मोताळ्याहून बँड आणला. साहेब निवडून आले आणि नगराध्यक्ष झाले. त्या दिवशी इंद्रभानने बायकोला, अन्नपूर्णाबाईला, जिलबी नेली. "आपला अध्यक्षच गावाचा अध्यक्ष झाला," म्हणाला. "आता मागाचं कोनाले अन् देनार कोन, एकाच घरचं काम झालं."

ती म्हणाली, "तेच तं."

पण त्या 'तेच तं'मधलं काही त्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं नाही.

साहेबांनी युनियन सोडली नाही. कामगारांचं प्रेम मोडवत नाही म्हणाले. युनियनचे अध्यक्ष म्हणून ते मागणीवर कळकळीने सही करत, आणि दुपारी पालिकेत बसून तीच मागणी अवाजवी म्हणून परत पाठवत. रविवारी युनियनच्या बैठकीत येऊन पालिकेच्या कठोरपणाबद्दल हळहळत. एकदा तर बोलता बोलता डोळे भरून आले. इंद्रभानला प्रथम वाटलं होतं, माणूस कोंडीत सापडलाय. ते अश्रू पाहिल्यावर मात्र त्याला कळलं, कोंडीत सापडलोय ते आपण.

शेवटी एकदाचा करार ठरला. पालिकेच्या सभागृहात टेबलाच्या एका बाजूला नगराध्यक्षाची खुर्ची, दुसऱ्या बाजूला युनियनच्या अध्यक्षाची. साहेब नगराध्यक्षाच्या खुर्चीत बसले, समोरची रिकामी. माणसं भिंतीशी उभी. मोतीरामने करार वाचला. पावसाळ्यात घोंगड्या मिळणार होत्या, दिवाळीला जेवण मिळणार होतं. कायम करण्याबाबत पालिका सहानुभूतीने विचार करणार होती.

साहेबांनी पालिकेतर्फे सही ठोकली. मग टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसले आणि युनियनतर्फे सही करायला पेन उघडलं. मोतीराम चाचरत म्हणाला की दोन्हीकडे एकच सही दिसली तर अकोल्याचे कामगार अधिकारी कागद परत पाठवतील. साहेब विचारात पडले. लाजले नाहीत, विचारात पडले. मग म्हणाले, "मग उपाध्यक्ष करेल. इंद्रभान, ये."

इंद्रभान जागचा हलला नाही. तेव्हा साहेब उठले, त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला व्हरांड्यात घेऊन गेले.

"उद्या तुझा कायमचा हुकूम काढतो," ते हळूच म्हणाले. "तुझ्या एकट्याचा. बाकीच्यांचं मग बघू."

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ती गोष्ट अशी व्हरांड्यात, कानाशी, अत्तराच्या वासात आली. हो म्हटलं असतं तर त्याला कोणी फासावर दिलं नसतं. त्याने क्षणभर हो म्हणून पाहिलंही, मनातल्या मनात. पण तो खांद्यावरचा हात त्याला ओल्या पालीसारखा वाटायला लागला. तो त्याने उचलून बाजूला केला आणि आत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब मले एकट्याले कायम करून राह्यले. तुमाले घोंगड्या."

मग भिंतीजवळून वच्छलाबाई पुढे आली. ते सभागृह ती रोज झाडायची. लुगड्याचा पदर खोचला आणि युनियनच्या खुर्चीत सरळ बसली.

"बाई," साहेब दारातून म्हणाले, "ती युनियनच्या अध्यक्षाची खुर्ची आहे."

"हाव," वच्छलाबाई म्हणाली. "म्हनूनच बसली."

इंद्रभानने हात वर केला. मग भिंतीशी एकेक हात वर होत गेला. मोतीरामचा सर्वांत शेवटी, पण झाला. साहेब या खुर्चीतून त्या खुर्चीत इतके फिरले होते की आता कोणत्या नात्याने रागवावं हे त्यांना सुचेना. करार सहीविना टेबलावर राहिला.

दिवेलागणीला जमादार घरी आला आणि इंद्रभानला उद्यापासून खंड सांगून गेला. परत कधी घेणार ते या खेपेला बोलला नाही, आणि पाणी सोड असंही म्हणाला नाही.

अन्नपूर्णाबाईने सकाळपासून कायम झाल्याची बातमी यायची म्हणून गोडाचं करून ठेवलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"अध्यक्ष मंग कोन झालं?"

"वच्छलाबाई."

"बरं झालं," ती म्हणाली आणि ताट वाढायला घेतलं. "तिले कोनी हार घालाले गेलं, तं ती झाडू हाती घेईन."