उकंडरावांच्या ट्रकची हुडहुडी

उकंडरावांना हसा, तेही तुमच्याबरोबर हसतील. त्यांच्या ट्रकला हसा, मग त्यांच्या घरी तुम्हाला चहासुद्धा मिळणार नाही.

ट्रक बुटका आणि अठ्ठावीस वर्षांचा. मुलगा प्रेम सव्वीसचा. त्यामुळे घरात थोरला कोण, हा वाद कधी झाला नाही. अमडापूरच्या मळ्यांतली कोबी, वांगी, मेथी रोज पहाटे मेहकरच्या बाजारात न्यायची, हे या थोरल्याचं काम. ते त्यानं इतकी वर्षं कुरकुर न करता केलं. यंदा मात्र डिसेंबरातली थंडी पडली आणि ट्रकनं अंथरूण धरलं.

उकंडराव चावी फिरवायचे. हीटरचा पिवळा दिवा लागायचा. हा हीटर म्हणजे इंजिनात जाणारी हवा तापवणारी तारेची जाळी. हवा गार असली की जुनं डिझेल इंजिन पेटत नाही. दिवा विझेपर्यंत उकंडराव हात जोडून बसायचे, मग सेल्फ मारायचे. ट्रक घरघरायचा, पांढरा धूर सोडायचा आणि गप्प व्हायचा. उन्हं वर आली की मात्र एका हाकेत चालू!

मग रोज पहाटे आमच्या सगळ्या गल्लीनं मफलर बांधून धक्का मारायचा. आमची थंडी पळाली, ट्रकची काही पळेना. नवी बॅटरी घातली, तरी तेच.

"रात्री वाकळ टाकू का त्याच्यावर?" सुभद्राबाईंनी नवऱ्याला विचारलं. "की अद्रकाचा काढा देता, जी?"

उकंडरावांनी त्या दिवशी चहा टपरीवर घेतला.

सहाव्या दिवशी प्रेम म्हणाला, "बाबा, मी भंगारवाल्याशी बोललो. उद्या येते तो."

भाकरीचा घास उकंडरावांच्या हातातच राहिला. तो ताटात ठेवून ते म्हणाले, "अन् उद्या सकाळी धक्क्याबिगर चालू झाला त?"

"झाला त नाही विकत. पण धक्क्याबिगर, बरं का!"

त्याच दिवशी दिवस कलता कलता उकंडराव बसस्टँडजवळच्या सहदेव मिस्त्रीला घेऊन आले. इंजिन तोवर निवलं होतं. सहदेवनं विचारलं, "हीटरचा दिवा लागते का?"

"लागते नं! देवघरातल्यावानी लागते."

"दिवा लागला म्हणजे हीटर तापला असं नसते, दादा."

उकंडरावांचा चेहरा पडला. इतके दिवस ते ज्याला हात जोडत होते, तो दिवा नुसताच दिवा निघाला.

सहदेवनं पिशवीतून दोन वायरी लावलेला बल्ब काढला. एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी हीटरच्या टोकाला. "फिरवा चावी." आत रिले, म्हणजे हीटरला करंट जोडून देणारा स्विच, 'टक' वाजला, बल्ब लख्ख पेटला.

"करंट येऊन राह्यला." मग हवेचा पाइप काढून त्यानं हीटरजवळ हात नेला. "अन् हीटर थंडागार."

"जळला वाट्टे?"

"थांबा जरा." हीटरच्या दुसऱ्या टोकापासून त्यानं एक जाड वायर सरळ बॅटरीच्या मायनसला धरली. दहा मोजेपर्यंत तापलेल्या धुळीचा वास आला आणि जाळी लाल झाली. "हीटर चांगला हाये, दादा. करंटले यायले रस्ता हाये, वापस जायले नाही. पाहुणा यावा अन् परतीची एस्टी बंद असावी, तसं झालं."

परतीचा रस्ता म्हणजे हीटरपासून इंजिनाच्या अंगाला जोडलेली तांब्याची अर्थिंगची पट्टी. सहदेवनं तिचा बोल्ट खोलला. पट्टी समोरून शेंदरी होती. मागूनही शेंदरी होती. ती जिथं टेकते, ती जागाही शेंदरी. ऑइलपेंटचे दोन हात, कुठं ठिपकाभर जागा सुटलेली नाही.

"दसऱ्याले रंग कोणं देल्ला?"

"म्याच," उकंडराव बारीक आवाजात म्हणाले.

"पट्टी खोलून?"

"हाव."

"अन् मांगून काऊन?"

"पूजेची वस्तू हाये, सहदेव. दिसते तेवढंच रंगवावं का?"

"रंगातून करंट जात नसते, दादा." दसऱ्याच्या उन्हात हीटरची गरजच नव्हती, म्हणून ही भक्ती थंडी पडेपर्यंत कुणाला कळली नाही. सहदेवनं पॉलिश पेपरनं पट्टी आणि तिची जागा घासून तांबं-लोखंड उघडं केलं, बोल्ट कसला आणि म्हणाला, "मारा सेल्फ."

"नाही. आता चालू केला त इंजिन गरम होईन. सकाळी थंडाच पाह्यजे. पोराले शब्द देल्ला हाये."

"बरं. अन् प्रेमनं विचारलं त रिले खराब होता म्हणतो मी. रंगाचं राहू द्या आपल्या दोघांत."

उकंडराव सांडलेला शेंदरी भुगा फडक्यानं पुसत राहिले.

पहाटे कोबी चढवून झाली. गल्ली सवयीनं मफलर बांधून मागं उभी. प्रेम हातात मोबाइल घेऊन, सुभद्राबाई पदर तोंडाशी धरून, सहदेवही आलेला. उकंडरावांनी चावी फिरवली. दिवा लागला, या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत. दिवा विझला. सेल्फ. एकदा घर्र, दुसऱ्यांदा घर्र, आणि तिसऱ्याला ट्रक असा धडाडला की चार घरची कुत्री उठली.

प्रेम सहदेवकडे वळला. "काय खराबी होती?"

"रिले..."

"रिलेले काऊन बदनाम करतं बे?" खिडकीतून मुंडकं काढून उकंडराव ओरडले. "खराबी माही होती! अर्थिंगच्या पट्टीले म्या रंग देल्ला होता. दोन्हीकून!"

प्रेम आधी बघतच राहिला, मग असा हसला की त्याला चाकावर हात टेकावा लागला. ट्रकवरून कुणी हसलं आणि उकंडरावही त्यात सामील झाले, असं त्या दिवशी प्रथमच घडलं. मग डोळे पुसत प्रेमनं भंगारवाल्याला फोन लावला.

"दादा, नका येऊ... नाही, भाव कमी म्हणून नाही. ट्रक घरी नाही हाये. कामावर गेला."

हे ऐकलं मात्र, उकंडरावांनी घाईनं गिअर टाकला. पोराचा शब्द खोटा पडू नये.