पपांची बंदूक

काल बायकोच्या शिलाई मशीनला तेल घालताना बोटांना तो वास लागला आणि वीस वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली. बोरिवलीच्या गावठाणातल्या घरात आई खाटेवर बसून तेलाच्या चिंधीने पपांची बंदूक पुसत होती.

पपा जाऊन महिना झाला होता. आजोबांनी ती बंदूक भातशेतीत घुसणाऱ्या रानडुकरांसाठी घेतली होती. शेतावर इमारती उभ्या राहिल्या, तरी पपांनी लायसन चालू ठेवलं. दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आले की ते बंदूक पुसत आणि आई शेजारी बसून चिंध्या फाडून देई. आता लायसन माझ्या नावावर करायचं की बंदूक जमा करायची, हा प्रश्न होता. घरात माझी लहान मुलं होती. मी ठरवून टाकलं.

"आई, आटप ना! जमाच करायचीय, चकाचक करून काय उपयोग?"

नळीवरून एकदा हात फिरवून तिने बंदूक माझ्याकडे दिली.

पोलीस ठाण्यात हवालदाराने आईकडे बघून विचारलं, "कायमची जमा करायची ना?"

"हो, कायमची," मीच म्हणालो. आईने सही केली.

परतताना रिक्षात ती हळूच म्हणाली, "विचारलं असतंस, तर मीही देऊन टाक असंच म्हटलं असतं रे. पण विचारायचं तरी होतंस."

त्यानंतर आई सात वर्षं माझ्याजवळ होती. माफी मागायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी मागितली नाही.